गुणानुक्रम आणि पसंतीक्रम

जून-जुलै महिन्यांत पाऊस येवो न येवो, लातूर आणि नांदेड या दोन शहरांत फलकांचे पीक मात्र हमखास येते. लातूरचा उद्योग भवनाचा परिसर असो की नांदेडचे श्यामनगर-बाबानगर असो, चौकाचौकांत विद्यार्थ्यांची छायाचित्रे झळकू लागतात. छायाचित्र लहान असते, नाव त्याहून लहान असते. मोठा असतो तो आकडा. त्याच दिवसांत, त्याच चौकातल्या संगणक केंद्रांवर प्रवेशाचे अर्ज भरण्यासाठी रांगा लागतात. या अर्जात 'पसंतीक्रम' नावाचा एक रकाना असतो. मुखेडहून किंवा अहमदपूरहून आलेला विद्यार्थी त्या रकान्यापाशी थबकतो आणि वडिलांकडे पाहतो. वडील केंद्रचालकाकडे पाहतात. केंद्रचालक गतवर्षीच्या 'कट ऑफ'ची यादी काढतो आणि ती वरून खाली जशीच्या तशी उतरवून देतो. पंधरा मिनिटांत पसंतीचा प्रश्न निकालात निघतो.

येथे कोणी कोणाला फसविलेले नसते. केंद्रचालकाने प्रामाणिकपणे काम केलेले असते, वडिलांनी मुलाचे हितच पाहिलेले असते आणि विद्यार्थ्याने दोन वर्षे रक्ताचे पाणी केलेले असते. तरीही काहीतरी निसटते. अर्जाने विचारलेले असते, "तुला काय हवे?" आणि उत्तर दिले जाते ते, "गेल्या वर्षी इतरांना काय हवे होते", याचे. गुणानुक्रम हा परीक्षेने लावावयाचा आणि पसंतीक्रम हा माणसाने. या दोन शब्दांमधले अंतर आपल्या डोळ्यांदेखत पुसले जात आहे, आणि त्याची किंमत केवळ त्या विद्यार्थ्याला नव्हे, तर साऱ्या मराठवाड्याला मोजावी लागत आहे.

क्रमांकाचे ऋण

क्रमांकाची टिंगल करणे सोपे आहे. निदान मराठवाड्याने तरी ती करू नये. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामी राजवटीत होता. उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे आणि तेथील उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि १९७० साली लातूरला राजर्षी शाहू महाविद्यालय उभे राहिले. शिक्षणाची दारे उघडली खरी. परंतु मंडळाच्या गुणवत्ता याद्या प्रसिद्ध होत तेव्हा त्यांत पुण्या-मुंबईच्या शाळांचीच नावे प्रामुख्याने वाचावयास मिळत. मागासलेपण हे केवळ रस्त्यांचे आणि विजेचे नसून बुद्धीचेही आहे की काय, असा एक न्यूनगंड त्या याद्यांनी या भागाच्या मनात रुजविला होता.

तो न्यूनगंड ज्यांनी मोडून काढला त्यांत शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांचे सहकारी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. जादा तास, प्रश्नसंच, पुनःपुन्हा घेतलेल्या सराव परीक्षा आणि प्रत्येक विद्यार्थ्यावर ठेवलेली जातीने नजर, एवढीच त्या प्रयोगाची सामग्री होती. तीत कोणतीही जादू नव्हती. महाविद्यालयाच्या भिंतींच्या आत आणि महाविद्यालयाच्याच प्राध्यापकांनी केलेला तो उद्योग होता. पुढे त्याला 'लातूर पॅटर्न' हे नाव मिळाले आणि लातूरची मुले राज्याच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली. शेतकऱ्याचा, शिक्षकाचा, तलाठ्याचा मुलगा डॉक्टर होऊ शकतो, हे त्या याद्यांनी सिद्ध केले. वशिल्याचे पत्र, आडनाव किंवा जात यांपैकी काहीही क्रमांकाला दिसत नाही. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही त्याच्या दृष्टीने क्रमांक हाच न्यायाधीश असतो. हे ऋण विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

त्या न्यायासाठी मराठवाड्याला पुढेही झगडावे लागले. वैद्यकीय प्रवेशात ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के जागा उर्वरित राज्याला, अशी व्यवस्था अनेक वर्षे होती. ज्या विभागात महाविद्यालये थोडी, त्या विभागातील विद्यार्थ्याला अधिक गुण मिळवूनही जागा मिळेना, असा तिचा परिणाम होत असे. सप्टेंबर २०२० मध्ये ती रद्द झाली. राज्यभर एकच गुणानुक्रम असावा ही मराठवाड्याची मागणी रास्तच होती. तात्पर्य, क्रमांक हे या भूमीने कमावलेले शस्त्र आहे. प्रश्न शस्त्राचा नाही. हातात आल्यावर ते शस्त्रच हाताला चालवू लागले, हा प्रश्न आहे.

यादी काय मोजते?

परीक्षेतील क्रमांक विद्यार्थ्याची एका दिवसाची तयारी मोजतो. हे मोजमापही किती नाजूक असते ते २०२४ च्या 'नीट' परीक्षेने दाखवून दिले. ४ जून रोजी लागलेल्या पहिल्या निकालात ६७ विद्यार्थी पूर्ण ७२० गुणांसह पहिल्या क्रमांकावर होते. वाढीव गुण रद्द झाले, भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचे एकच उत्तर ग्राह्य धरावे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयात झाला आणि जुलैअखेरच्या सुधारित निकालात ती संख्या १७ वर आली. विद्यार्थी तेच, त्यांचे ज्ञान तेच. एका प्रश्नाच्या उत्तराने सारी उतरंड हलली. त्याच परीक्षेच्या पेपरफुटीच्या चौकशीत लातूरमध्ये काम करणाऱ्या दोन शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला. ज्या शहराने शिक्षकांच्या घामावर नाव मिळविले त्या शहराला हे वृत्त किती लागले असेल, याची कल्पना करता येते. क्रमांकाचे मोल अतोनात वाढले की तो विकत घेण्याचा बाजारही भरतो.

तथापि विद्यार्थ्याच्या क्रमांकामागे निदान एक परीक्षा तरी असते. महाविद्यालयांच्या, शाखांच्या आणि व्यवसायांच्या प्रतिष्ठेची जी उतरंड आपण डोळे मिटून मान्य करतो, तिच्यामागे काय असते? एखाद्या शाखेचा 'कट ऑफ' वर गेला म्हणजे तेथील अध्यापन सुधारले असे नव्हे. तो एवढेच सांगतो की गतवर्षी त्या दारापुढची रांग लांब होती. यंदाचे विद्यार्थी ती रांग पाहून त्याच दारापुढे उभे राहतात आणि रांग आणखी लांबते. मुंबईच्या आयआयटीतील संगणकशास्त्राच्या खुल्या प्रवर्गातील जागा अलीकडे देशातील पहिल्या सत्तरेक क्रमांकांतच संपतात. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी हाच मान स्थापत्य, यंत्र किंवा विद्युत अभियांत्रिकीला होता. तेव्हाचा हुशार विद्यार्थी पुलांवर प्रेम करीत होता आणि आजचा संगणकावर करतो, असे मानण्याचे कारण नाही. दोघेही बहुधा आपापल्या काळातील रांगेवर प्रेम करीत होते.

केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली आपल्या ग्रंथात वृत्तपत्रीय सौंदर्यस्पर्धेचा एक दाखला दिला आहे. शंभर छायाचित्रांतून सर्वांत सुंदर सहा चेहरे वाचकाने निवडावयाचे, आणि ज्याची निवड सर्व स्पर्धकांच्या सरासरी पसंतीशी जुळेल त्याला बक्षीस मिळावयाचे. अशा स्पर्धेत शहाणा वाचक स्वतःला आवडलेला चेहरा निवडीत नाही; इतरांना कोणता आवडेल याचा तर्क करतो, आणि इतरही तसाच तर्क करीत असतात. केन्सने हे शेअर बाजाराविषयी लिहिले होते. आपल्याकडील प्रवेशाच्या संगणक केंद्रांना ते तंतोतंत लागू पडते. या खेळात सर्वांत वर आलेला चेहरा कदाचित कोणालाच मनापासून आवडलेला नसतो!

शिडीच्या टोकाला

हा खेळ अठराव्या वर्षी संपत असता तर एवढी चिंता नव्हती. गुणवत्तेची शिडी जेथे संपते असे आपण समजतो, तेथे नवीच यादी टांगलेली असते. लातूर-नांदेडच्या शिकवणीतून एखादा मुलगा आयआयटीत पोहोचतो, तेथून आयआयएममध्ये जातो. अहमदाबादच्या आयआयएममध्ये नोकरीच्या मुलाखतींच्या पहिल्याच फेरीत ज्या कंपन्या येतात त्यांत सल्लागार कंपन्या असतात. दुसऱ्यांचे उद्योग कसे चालवावेत याचा सल्ला देणे हा त्यांचा उद्योग. या व्यवसायातील मॅकिन्झी ही कंपनी जेम्स मॅकिन्झी या हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकाने १९२६ साली शिकागोत काढली. १९६३ साली बोस्टन कन्सल्टिंग निघाली. तिच्यातून बाहेर पडलेल्यांनी १९७३ साली बेन ही कंपनी स्थापन केली. पहिले तीन मान बहुधा याच तिघींचे असतात, आणि त्यांच्याखाली पायऱ्यापायऱ्यांनी इतर कंपन्यांची उतरंड लावलेली असते. कोणती कंपनी कोणत्या पायरीवर, यावर तेथील तरुण मुले जेवढा खल करतात, तेवढा त्या कंपनीत आपण दिवसभर काय करणार यावर करीत नाहीत.

अमेरिकेत 'व्हॉल्ट' नावाची संस्था या कंपन्यांची प्रतिष्ठेनुसार यादी प्रसिद्ध करते. ती तयार करण्याची रीत मोठी बोलकी आहे. याच व्यवसायात नोकरी करणाऱ्यांना इतर कंपन्यांच्या प्रतिष्ठेला एक ते दहा असे गुण द्यावयास सांगतात. स्वतःच्या कंपनीला मात्र गुण देता येत नाहीत. पक्षपात टाळण्यासाठी हे योग्यच आहे. परंतु त्याचा अर्थ असा की ज्या घरात माणूस राहतो त्या घराविषयी त्याने बोलावयाचे नाही. शेजारच्या घरांविषयी जे कानांवर आले ते सांगावयाचे. नोकरीत समाधान किती, कामाचे तास किती, याच्या याद्या निराळ्या असतात आणि त्यांतील क्रम प्रतिष्ठेच्या क्रमाशी जुळतोच असे नाही. प्रतिष्ठा म्हणजे ऐकीव माहितीची बेरीज, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणी सांगितले नसेल.

या व्यवसायात प्रतिष्ठेला एवढे महत्त्व का, यालाही कारण आहे. सुताराने केलेली खुर्ची बसून पाहता येते. सल्ला तसा पाहता येत नाही. तो बरोबर होता की चूक हे कळावयास वर्षे लागतात, आणि तोवर परिस्थिती बदललेली असते. म्हणून गिऱ्हाईक सल्ल्याची पारख न करता सल्लागाराची पदवी पाहते, पदवी देणारी संस्था आपल्या प्रवेशाचा क्रमांक दाखविते, आणि कंपनीही मुलाखतीस बोलाविताना कित्येकदा थेट दहावी-बारावीच्या गुणांपर्यंत मागे जाते. जेथे गुणवत्ता डोळ्यांना दिसत नाही तेथे प्रतिष्ठा तिची मुखत्यार होऊन बसते. रुग्णाला डॉक्टरचे कौशल्य आधी कळत नाही, पालकाला शिकवणीचा दर्जा आधी कळत नाही; त्यामुळे तेथेही हेच घडते. चौकातला फलक आणि 'व्हॉल्ट'ची यादी ही एकाच कुळातील भावंडे आहेत.

सल्लागार कंपनीचे आणखी एक आकर्षण तरुण मुले स्वतःच सांगतात. दोन-तीन वर्षे तेथे काढली की पुढची सारी दारे उघडी राहतात, असे ते म्हणतात. हे वाक्य नीट ऐकले पाहिजे. दहावीनंतर विज्ञान शाखा घेतली, कारण तिने सारी दारे उघडी राहतात. आयआयटी, आयआयएम आणि सल्लागार कंपनी यांची निवडही त्याच कारणाने झाली. वयाच्या तिशीपर्यंत दारे उघडी ठेवण्याचे काम चालते आणि एकाही दारातून आत जाणे होत नाही. ज्याने प्रत्येक वळणावर यादीला विचारून पाऊल टाकले, त्याला "मला काय करावयाचे आहे?" हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवयच लागलेली नसते. सल्ला देण्याच्या व्यवसायात शिरणाऱ्या कित्येकांनी स्वतःचा सल्ला मात्र कधीच घेतलेला नसतो.

रिकाम्या खुर्च्या

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. "हे सारे भरल्या पोटाचे तत्त्वज्ञान आहे. ज्याच्या बापाने शेत गहाण टाकून खोलीभाडे, खानावळ आणि शिकवणीचे शुल्क भरले, त्याने आवडनिवड पाहावी काय? जेथे पगार अधिक तेथे त्याने गेलेच पाहिजे." जाऊ द्यावे. मात्र मग हिशेब तरी पगाराचा करावा, कर्जाचा करावा, लागणाऱ्या वर्षांचा करावा. यादीतील पायरी म्हणजे पगार नव्हे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रयत्नासाठी घरातले आणखी किती विकावे लागेल, याचे उत्तर कोणत्याही 'कट ऑफ'मध्ये सापडत नाही. गरिबाला निवडीची चैन परवडत नाही असे नव्हे, तर चुकीची निवड त्यालाच सर्वांत कमी परवडते.

समाजाचा हिशेब याहून कठोर आहे. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशात वरच्या क्रमांकांची मुले क्ष-किरणशास्त्र, त्वचारोग यांसारखे विषय घेतात. शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र या विषयांच्या जागा रिकाम्या राहतात. सप्टेंबर २०२३ मध्ये तर या जागा भरण्यासाठी पात्रतेचे पर्सेंटाइल शून्यावर आणावे लागले. म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र ठरला! एका टोकाला एका गुणासाठी आक्रोश आणि दुसऱ्या टोकाला शून्यालाही आमंत्रण, हे एकाच उतरंडीचे दोन परिणाम आहेत. ज्या विषयांवर सारे वैद्यक उभे आहे ते शिकवावयास उद्या कोण येणार?

त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी, नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधे अपुरी होती, मनुष्यबळ अपुरे होते की रुग्ण फार उशिरा आणले गेले, यावर पुष्कळ वाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांचा प्रश्न तेथेही निघाला. त्या मृत्यूंचा दोष प्रवेशाच्या याद्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. शासनाची जबाबदारी शासनाचीच आहे. परंतु एक विसंगती मनाला टोचल्याशिवाय राहत नाही. दरवर्षी भावी डॉक्टरांची छायाचित्रे ज्या शहराच्या चौकांत झळकतात, त्याच शहराच्या शासकीय रुग्णालयात कोण काम करणार हा प्रश्न उरतो. त्या फलकांवर क्रमांक असतो, महाविद्यालयाचे नाव असते; दहा वर्षांनी ती मुले कोठे गेली, कोणाच्या उपयोगी पडली, याचा फलक कोणी लावीत नाही. शिकवणीला त्याचा उपयोग नाही हे समजू शकते. गावाला तरी असावा.

यादीबाहेरची माणसे

वस्तुतः या दोन शहरांना ज्यांनी मोठे केले ती माणसे कोणत्याच यादीत पहिली नव्हती. नांदेडचे नरहर कुरुंदकर हे प्रथम शाळेत शिक्षक, मग पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक आणि प्राचार्य. १९८२ साली, पन्नाशीही न गाठता ते गेले. परंतु त्यांना ऐकण्यासाठी महाराष्ट्र जमत असे, तो काही त्यांचा परीक्षेतील क्रमांक पाहून नव्हे. ज्या वाघमाऱ्यांच्या प्रयोगाने लातूरला गुणवत्ता यादीत नेले, ते स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक. त्या काळी मराठवाड्यात हा विषय निवडा असे कोणती यादी सांगत होती? पुढे १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा तेच त्याचे पहिले कुलगुरू झाले. आपल्या विद्यार्थ्यांना क्रमांक मिळवून देणाऱ्या या माणसाने स्वतःचा रस्ता मात्र पसंतीने निवडला होता. लातूर पॅटर्नचा हा अर्धा भाग आपण उचललाच नाही.

तो उचलणे कोणाच्या हाती आहे? शासन समुपदेशन केंद्रे काढील, परिपत्रके काढील. त्याने फारसे होणार नाही. हे काम शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांचे आहे आणि त्याला अनुदानाची गरज नाही. अकरावीच्या वर्षात एक दिवस मुलांना जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नुसते बसवावे. एक दिवस औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात, एक दिवस न्यायालयात, एक दिवस बँकेच्या किंवा तहसीलच्या खिडकीपलीकडे बसवावे. व्यवसायाची प्रतिष्ठा बाहेरून दिसते. व्यवसायाचा दिवस आत बसल्यावरच कळतो. जी मुले पाच-दहा वर्षांपूर्वी बाहेर पडली त्यांना बोलवावे आणि त्यांचा क्रमांक न विचारता त्यांच्या सोमवारच्या सकाळविषयी विचारावे. काय करावे लागते, कोणाशी बोलावे लागते, घरी गेल्यावर मन कशात असते, एवढे कळले तरी पुष्कळ झाले.

आणि कार्यालयातून अर्धी रजा टाकून मुलाबरोबर संगणक केंद्रात जाणाऱ्या पित्यानेही आदल्या रात्री एक करावे. कोरा कागद घेऊन, 'कट ऑफ'ची यादी बाजूला ठेवून, मुलाला स्वतःच्या हाताने पसंतीक्रम लिहू द्यावा. मग यादी उघडावी, गुण पाहावेत, खर्च पाहावा, जेथे तडजोड करावी लागेल तेथे करावी. कदाचित शेवटी दोन्ही याद्या सारख्याच निघतील. मग तक्रारीला जागा नाही. मुलगा जेथे जाईल तेथे स्वतःच्या पायांनी गेलेला असेल. परंतु त्या निराळ्या निघाल्या, तर त्यांतला फरक हा त्या घरातला सर्वांत महत्त्वाचा विषय आहे, आणि तो केंद्रचालकाच्या पंधरा मिनिटांत मिटविण्याजोगा नाही.

आपली मुले कोणाहून कमी नाहीत, हे मराठवाड्याने सिद्ध केले आहे. ते पुनःपुन्हा सिद्ध करीत बसण्याची आता गरज उरलेली नाही. इतरांच्या रांगेत पहिले उभे राहणे जमले. आता रांग कोणती, हे आपले आपण ठरविणे जमले पाहिजे.